कडक निर्बंध, ४२ अंश ऊन आणि २० बाय ३० ची गच्ची : घरातल्यांना हलतं कसं ठेवावं?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. एप्रिल २०२१ संपत आला, बाहेर कडक निर्बंध आहेत आणि कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे फिरणारी आमच्या कॉलनीतली मंडळी घरातच बसून आहेत. घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

बाबा ६६ वर्षांचे. जुनी शुगर, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, बीपीसाठी मेटोप्रोलॉल. मार्चमध्ये कोरोना होऊन गेला. भरती व्हावं लागलं नाही, पण स्टेरॉईडच्या गोळ्या होत्या. आता ताप-खोकला नाही, जिना चढला की मात्र दम लागायलाय. आई ६१ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखायलेत. धुणं-भांडी हाच आपला व्यायाम, असं तिचं म्हणणं. पोरं ११ आणि ८ वर्षांची, दिवसभर मोबाईलला चिकटलेली.

जागा म्हणाल तर दोन खोल्या, शहाबादी फरशीचा हॉल आणि वर २० बाय ३० ची गच्ची. सामान काहीच नाही, फक्त ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं) आणि तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र तेवढं आहे. कोणी काय करावं, किती करावं आणि कुठं थांबावं, हे जाणकारांनी सांगावं.

फिजिओ_नांदेड

बाबांना दम लागायलाय म्हणता, तर त्यांचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबू. आई आणि तुमचं सांगतो.

गच्चीवर पहाटेच जायचं, सव्वापाच ते पावणेसात. संध्याकाळ थंड वाटते, पण स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि दिवस मावळल्यावरही दोन-तीन तास खालून अन् कठड्यातून धग मारत राहतो. त्यावर पाणी शिंपडून चालायला गेलात तर दोन्हीकडून नुकसान : फरशी निसरडी होते आणि हवा दमट झाल्यामुळं घाम वाळत नाही, म्हणजे अंग थंडच होत नाही.

कठड्यापासून २ फूट आत राहिलात तर चालायची चौकट १६ बाय २६ ची होते. एक फेरी ८४ फुटांची, म्हणजे साडेपंचवीस मीटर. ३९ फेऱ्यांचा एक किलोमीटर. एवढ्या छोट्या जागेत मोबाईलचं जीपीएस भरवशाचं नाही, त्याची चूकच काही मीटरची असते. त्यापेक्षा एका वाटीत ३९ चिंचोके घ्या, फेरीला एक दुसऱ्या वाटीत टाका. दर १० फेऱ्यांनी दिशा बदला. सतत एकाच बाजूला वळत राहिलं की आतल्या बाजूच्या गुडघ्याला आणि घोट्याला पीळ बसतो, आणि चार-पाच दिवसांनी "चालून गुडघा दुखला" अशी तक्रार येते. कोपऱ्यात काटकोनात वळू नका, गोल वळण घ्या. पायात बूट हवेत, स्लीपर नको.

वेग मिनिटाला साधारण १०० पावलं. ओळखायची खूण अशी की बाजूच्याशी बोलता येतं, पण अभंग म्हणता येत नाही. अभंगही आरामात म्हणता आला तर वेग कमी पडतोय, आणि बोलतानाच शब्द तुटायला लागले तर जास्त होतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हवेत आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. महिनाभर बसलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी ४० मिनिटं मारू नयेत. पहिला आठवडा १०-१० मिनिटं दोनदा, मग दर आठवड्याला प्रत्येक वेळेत पाच-पाच मिनिटं वाढवा.

आता आई. धुणं आपटणं, पाणी भरणं, फरशी पुसणं हे श्रमच आहेत आणि ते मोजायलाच पाहिजेत, त्यांचं म्हणणं चूक नाही. पण या कामांत कंबर वाकलेली राहते, ठरावीक स्नायूच राबतात. मांडीचा पुढचा स्नायू आणि तोल या दोन गोष्टी घरकामात सुटतात, आणि गुडघ्याला नेमका मांडीच्या स्नायूचाच आधार असतो. म्हणून तीन गोष्टी करायला सांगा.

पहिली, पाय लांब करून बसायचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, साधारण मनगटाएवढी जाड. गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. प्रत्येक पायाला १०, असं दिवसातून तीनदा. आकडे मोठ्यानं मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास कोंडून जोर लावला की बीपी झटकन चढतं.

दुसरी, खुर्चीवरून उठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवलेली, हात छातीवर. प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवरून उठताना गुडघा जास्त दुमडतो आणि कळ येते. अशा वेळी व्यायाम सोडायचा नाही, खुर्ची उंच करायची : वाकळीच्या दोन घड्या टाका, बैठक १९-२० इंचांवर येते. आठ वेळा उठायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा आठ. दुखणं कमी झालं की एक घडी काढा. ताकद किती आहे ते मोजायचं असेल तर वाकळ काढून १७ इंची खुर्चीवर ३० सेकंदांत पूर्ण उठून किती वेळा उभं राहता येतं ते बघा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ताकद आणि तोल कमी आहे असं समजतात. ६५ ते ६९ च्या पुरुषासाठीही आकडा १२ च आहे.

तिसरी, शहाबादी फरशीच्या सांध्यावरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायचं. भिंतीजवळून, हात भिंतीपासून वीतभर. फरशी कोरडी, पाय उघडे. १० पावलं जायचं, १० यायचं, तीन वेळा.

गुडघ्यात व्यायाम करताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत निवलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली किंवा गुडघा गरम लागला तर दोन दिवस थांबा आणि मग निम्म्यानं सुरू करा.

तुमच्यासाठी वजन पाहिजे असेल तर ५ लिटरचं तेलाचं रिकामं कॅन आहेच. पाणी भरायचं तर काठोकाठ भरा. अर्धं भरलं की पाणी हिंदकळतं आणि मनगटाला झटका बसतो. वजन कमी हवं असेल तर लहान कॅन पूर्ण भरा. वाळू भरली तर लिटरला साधारण दीड किलो पडते. कडीला फडकं गुंडाळा, नाहीतर बोटं कापतात. एक हात बाजेवर टेकवून, पाठ सरळ ठेवून, दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत ओढायचं, दोन्हीकडं १०-१०.

मेडिसिन_बीड

बाबांबद्दल. "जिना चढला की दम" हे वाक्य महत्त्वाचं आहे. कोरोनानंतर कमीत कमी सात दिवस कुठलंही लक्षण नसेल तरच व्यायामाकडं परत वळायचं असतं. लक्षण शिल्लक असेल, वरून शुगर-बीपी असेल, तर आधी छाती आणि हृदय तपासून घ्यायचं. या विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि तशात जोराचा व्यायाम झाला तर ठोके बिघडतात. म्हणून आज तरी ना जोर-बैठका, ना सूर्यनमस्कार.

तोवर घरी सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून बघा. आपल्या आरोग्य खात्यानं सांगितलेली हीच. पद्धत चुकली तर आकडा फसवतो, म्हणून नीट सांगतो. पाच मिनिटं शांत बसवा. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, बोट गार नको. ऑक्सिमीटर तर्जनीत किंवा मधल्या बोटात घालून हात मांडीवर स्थिर ठेवा आणि मिनिटभर थांबून आकडा लिहा, पहिल्या पाच-दहा सेकंदांतला आकडा धरू नका. बसल्या जागी ९४ च्या खाली असेल तर चाचणी करायचीच नाही, दवाखाना गाठायचा. दमा असलेल्यांनीही ही चाचणी करू नये. नाहीतर हॉलच्या सपाट फरशीवर, पंख्याखाली, नेहमीच्या चालीनं सहा मिनिटं चालवा. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटंही चालतात. गच्चीवर नको, जिन्यावर तर नकोच. थांबल्या थांबल्या पुन्हा आकडा लिहा. तो ९३ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा तीननं अथवा जास्त उतरला, किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना दाखवायचं.

तपासणीत सगळं ठीक निघालं की पुढचा क्रम असा : पहिले दोन आठवडे अगदी हलकं. सपाटीवर सावकाश चालणं, हातापायांचे ताण, श्वासाचे व्यायाम. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. मग दर सात दिवसांनी एक पायरी : चालण्याची मिनिटं, नंतर वेग, नंतर जिना, शेवटी ताकदीचे व्यायाम. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. व्यायामानंतर चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत अंग गळाल्यासारखं झालं, झोपूनही थकवा गेला नाही, तर मागच्या पायरीवर या. इथं जिद्द कामाची नाही, ती उलटते. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, एका पोटरीला सूज किंवा कळ, यांतलं काही झालं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी दवाखाना.

नाडीचे ठोके मोजून व्यायामाचा जोर ठरवू नका. मेटोप्रोलॉल ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळं नाडी शांत दिसते आणि माणूस दमलेला असतो. हीच गोळी साखर उतरल्याची थरथर आणि धडधडही झाकते. घाम मात्र येतो. म्हणजे पहाटेच्या गारव्यात बाबांना एकदम घाम फुटला तर आधी साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि जेवायला वेळ असेल तर अर्धी भाकरी खायला द्या. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी चालणं नको. जेवणानंतर हॉलमध्येच १०-१५ मिनिटं सावकाश चाललेलं शुगरला जास्त मानवतं.

आणखी एक. स्टेरॉईड चालू असताना साखर वाढते म्हणून गोळ्या वाढवतात, आणि स्टेरॉईड संपल्यावर त्या कमी करायचं राहून जातं. बाबांचा डोस मार्चमध्ये वाढवला असेल तर तो आता तेवढाच लागतो का, हे विचारून घ्या.

तुमचं तीन चेंडूंचं यंत्र फुंकायचं नाही, ओढायचं असतं. निम्मी घरं त्यात फुंकत बसतात आणि चेंडू उडत नाहीत म्हणून यंत्र बिघडलं समजतात. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा, चेंडू दोन-तीन सेकंद वर तरंगता ठेवा, नळी काढून हळू सोडा. झटक्यानं तिन्ही चेंडू वर आदळण्यापेक्षा एकच चेंडू टिकवलेला बरा. एका बैठकीत दहा श्वास, मध्ये थांबत थांबत. चक्कर आली तर थांबा. कपालभाती त्यांना सध्या नको, बीपी आणि धाप असताना ती टाळायचीच.

तालीम_उदगीर

पोरांचं मी सांगतो, शाळेत हेच शिकवायचं काम आहे. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी, आणि त्यातली आठवड्यातून तीन दिवस दमवणारी. एकदम तासभर कोणी करणार नाही. १५ मिनिटांचे चार तुकडे करा, दोन पहाटे गच्चीवर आणि दोन संध्याकाळी हॉलमध्ये.

कठडा साडेतीन फुटांपेक्षा कमी असेल तर गच्चीवर पळापळी, चेंडू, पतंग काही नको. जागेवरचे खेळ घ्या.

दोरीच्या उड्या सगळ्यांत स्वस्त, पण दोरी बरोबर पाहिजे. मधोमध पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली की ती काखेपर्यंत यावीत. त्याहून लांब दोरी पायात अडकते. सुतळी हलकी पडते, फिरवताना गोल आकार धरत नाही. बोटभर जाड सुती दोरी घ्या आणि टोकांना गाठी मारा. उघड्या स्लॅबवर उड्या मारल्या की आठवडाभरात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. खाली बारदानाच्या चार घड्या टाका. उडी इंच-दोन इंचच, टाचा टेकवायच्या नाहीत. ३० सेकंद उड्या, ३० सेकंद आराम, असे ११ वर्षांच्याला आठ आणि ८ वर्षांच्याला पाच फेरे.

हॉलमध्ये लंगडी : २० फूट उजव्या पायानं जायचं, डाव्यानं परत यायचं. शहाबादी फरशीवर मोजे घालून मुळीच नको, घसरून हनुवटी फुटते. बेडूकउड्या पाच, बाजेच्या काठावर हात ठेवून दंड आठ, फुगडी दोन्ही दिशांना. पंख्याखाली उड्या नकोत. खेळाचा क्रम रोज पोरांनीच ठरवावा आणि मोठ्यांनी सोबत करावं. नुसतं "जा, खेळ" म्हटलं तर दहा मिनिटांत पुन्हा मोबाईल हातात येतो.

फिजिओ साहेबांच्या यादीत एक भर. पूर्णाकाठ, तुम्ही धडधाकट दिसताय, सूर्यनमस्कार घाला. सुरुवात सहा, आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि खांदा लचकतो, रबरी चटई किंवा बारदान घ्या. खाली वाकताना गुडघे थोडे वाकले तरी चालतील, पण झटके देऊन हात जमिनीला लावू नका. दंडाच्या स्थितीत पोट आत ओढलेलं नसेल तर कंबर झोळीसारखी लोंबते आणि सगळा भार मणक्यावर येतो. कंबर दुखली की लोक सूर्यनमस्काराला दोष देतात, दोष त्या लोंबण्याचा असतो.

आहार_लातूर

व्यायामाबरोबर खाण्याकडं बघा, कारण घरात बसून भात आणि तळण वाढलंय आणि डाळ पातळ झालीय. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्याच ताटात हिशोब सांगते : ज्वारीच्या मध्यम आकाराच्या तीन भाकरींतून २० च्या पुढं, घट्ट वरणाच्या वाटीतून ६-७, पिठल्यातून तेवढीच, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७, पेलाभर दुधातून ६. अंडं खात असाल तर एकातून ६. वरण पातळ केलं की हा हिशोब लगेच कोसळतो, म्हणून डाळ शिजवायच्या आधी मोजा, माणशी ३० ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पहाटे चालायच्या आधी पेलाभर पाणी आणि आल्यावर एक-दोन पेले. फार घाम गेला असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाबांना साखरेचं हे पाणी उगाच नको, त्यांना पातळ ताक द्या, आणि बीपीमुळं त्यात मीठ बेतानं.

काढ्यानं विषाणू अडत नाही. मिरी-सुंठीचा काढा या उन्हात दिवसातून तीन-तीनदा घेऊन पोटात आग पडते, एवढंच पदरात येतं. आणि ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पुडी आठवड्यातून एक असते, तीही डॉक्टरांनी लिहून दिलेले आठवडेच. ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

रोजेदार_औरंगाबाद

ज्यांचे रोजे चालू आहेत त्यांनी पहाटे गच्चीवर चालू नये, पुढचे तेरा-चौदा तास पाणी मिळत नाही. इफ्तारनंतर तासाभरानं हॉलमध्ये २० मिनिटं चाला. ताकदीचे व्यायामही तेव्हाच. घरी तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) पढत असाल तर त्यातली उठ-बसही हिशोबात धरा. शुगरवाल्यांनी रोज्यातही साखर तपासावी. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा.

पूर्णाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. आईसाठी वाकळ टाकून खुर्ची उंच केली, आठ वेळा उठणं जमलं. चिंता बाबांची आहे. सांगितल्याप्रमाणं चाचणी घेतली : बसून ९७, हॉलमध्ये तीन मिनिटं चालल्यावर ९३. धाप फार नव्हती. थांबून उद्या परत बघावं का?

मेडिसिन_बीड

उद्यावर ढकलू नका. पंधरा मिनिटं आराम देऊन, दुसऱ्या हाताच्या बोटावर लावून आत्ताच एकदा परत घ्या. तीन किंवा जास्त पुन्हा उतरला तर आजच फिजिशियनकडं न्या. धाप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, या आजारात ऑक्सिजन उतरूनही माणसाला काही जाणवत नाही असं होतं. दुसऱ्यांदा आकडा नीट आला तरी जिन्यावरच्या दमासाठी दोन दिवसांत दाखवायचंच आहे.

कारणं दोन-तीन असू शकतात : फुप्फुसातला जुना न्यूमोनिया अजून भरून आलेला नसणं, रक्ताची गुठळी, किंवा हृदय. छातीचा फोटो, ईसीजी आणि पुढचं काय ते तिथले डॉक्टर ठरवतील. जाताना मार्चचे सगळे रिपोर्ट, स्टेरॉईड किती दिवस आणि किती मिलिग्रॅम घेतलं त्याची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आजचे चारही आकडे वेळेसकट कागदावर लिहून न्या. दोन्ही पोटऱ्या समोरासमोर बघा, एक जाड दिसली तर तेही सांगा. वाटेत जिना चढायला लावू नका, दवाखाना वरच्या मजल्यावर असेल तर चाकाची खुर्ची मागा. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली आला तर ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या. तिथं पोचेपर्यंत त्यांना बसतं ठेवा, किंवा जमत असेल तर पालथं झोपवा : एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडगीखाली. जेवण होऊन तास झालेला नसेल तर पालथं झोपवू नका.